पौषातले शेतघर : करवीरच्या मळ्यातील काटकसरीचा हिशेब

(१)
कोल्हापूरहून गारगोटीच्या रस्त्याला लागले की शहर संपते न संपते तोच कळंबा येतो. आज हे नाव घेतले की बहुतेकांना तलाव किंवा मध्यवर्ती कारागृह आठवते. कागदोपत्री मात्र हे गाव ‘कळंबे तर्फ ठाणे’, करवीर तालुक्यातील शेतीचे गाव. या धाग्यात राजे नाहीत (एक अपवाद वगळता), लढाया नाहीत. साधारण १८९० ते १९४० या काळात करवीरच्या अशा गावांतील शेतकरी कुटुंब हिवाळा कसा काढत असे, एवढेच पाहायचे आहे. ‘पूर्वीचे घर स्वयंपूर्ण होते, काही वाया जात नसे’ असे आपण सहज म्हणून जातो. ते कितपत खरे, आणि ती काटकसर कोणाच्या हातांवर उभी होती, हा खरा प्रश्न.

(२)
आधी साधनांविषयी. शेतकऱ्याने रोजनिशी लिहिलेली नाही. त्यामुळे तुकडे जोडावे लागतात. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कोल्हापूरविषयीचा खंड १८८६ चा आहे. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) कुणब्याच्या घराची दैना मांडली. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. यांशिवाय तीन साधने अशी की ज्यांना आपण साधन मानतच नाही : जात्यावरची ओवी, अंगावरची वाकळ आणि गुऱ्हाळघराची परिभाषा.

(३)
कळंबा तलाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला गेला. कात्यायनीच्या डोंगराकडून येणारे पाणी तिथे अडवून नैसर्गिक उताराने शहरातील ‘पाण्याच्या खजिन्या’पर्यंत नेले जाई. म्हणजे गावाच्या शिवारातले पाणी शहराची तहान भागवत होते, तर शेतकऱ्याचे बागायत मुख्यतः विहिरीवरच्या मोटेवर चाले. दिवाळीपर्यंत भात निघालेले, मळ्यात ऊस उभा, कोरड्या रानात शाळू आणि हरभरा. पाऊस थांबलेला, ऊन कोवळे, हवा कोरडी. इथली थंडी जीवघेणी नसते. पौषात रात्रीचा पारा साधारण १४-१५ अंशांपर्यंत उतरतो, क्वचित त्याही खाली. हिवाळा हा या भागात विश्रांतीचा ऋतू नव्हताच. वाळवणे, मळणे, गाळणे, शिवणे, वळणे या सगळ्या क्रियांचा तो ऋतू होता.

(४)
दिवस जात्यापासून सुरू होई. माणशी अर्धा किलो पीठ धरले तरी दहा माणसांच्या घराला रोज पाच किलो जोंधळा दळावा लागे. दोघी समोरासमोर बसल्या तरी दीड-दोन तासांचे काम, तेही पहाटे, कारण उजाडल्यावर बाकीची कामे वाट पाहत असत. जोंधळ्याचे पीठ फार दिवस टिकत नाही, त्याची भाकरीही मोडू लागते. म्हणून रोजचे रोज दळणे भाग होते. थंडीत जात्याचा खुंटा गार लागतो आणि अंग मात्र घामेजते, असा हा व्यायाम.

(५)
या जात्यावर ज्या ओव्या म्हटल्या गेल्या त्या लिहून ठेवाव्यात असे फार काळ कोणाला वाटले नाही. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माहेर, भाऊ, सासुरवास, पीकपाणी, विठ्ठल, आणि पुढे बाबासाहेबही त्यांत येतात. इतिहासाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. ज्या श्रमाची नोंद कोणत्याही वहीत नाही, त्या श्रमानेच स्वतःची नोंद करून ठेवली.

(६)
पुढे चूल. इथे ‘गोवरी’ म्हणत नाहीत, ‘शेणी’ म्हणतात. पाऊस सरल्यावर शेणी थापायच्या, उन्हात वाळवायच्या आणि रचून वर झाकण घालायचे, कारण पुढच्या आषाढाची चूल त्यांवरच पेटायची असे. रात्री विस्तव राखेत झाकून ठेवायचा, सकाळी फुंकून जागा करायचा. चुलीच्या बगलेला वैल. भाकरी भाजताना वाया जाणाऱ्या आचेवर कालवण शिजते किंवा पाणी तापते. उरलेली राख भांडी घासायला आणि नंतर उकिरड्यावर.

(७)
पण या काटकसरीला एक खोट होती. जाळलेले शेण म्हणजे जमिनीला न मिळालेले खत. इंग्रज कृषिरसायनतज्ज्ञ जॉन व्होल्कर यांनी भारतीय शेतीवरील आपल्या १८९३ च्या अहवालात हा मुद्दा ठळकपणे मांडला, आणि शेतकरी हे अज्ञानाने करत नाही, सरपण मिळत नाही म्हणून करतो, हेही सांगितले. अडचणीतल्या घरात एका बाजूची बचत दुसऱ्या बाजूचे नुकसान होऊन बसते, हे त्या घराला ठाऊक असते. तरीही चूल आज पेटवायची असते.

(८)
ताटात काय असे? जोंधळ्याची भाकरी, ठेचा, झुणका, हरभऱ्याचा कोवळा पाला, हुलग्याचे गरम माडगे, ताक-कण्या. भाकरीसाठी पीठ चाळले की वर उरलेला कोंडा जनावराला जाई. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली भाकरी आणि शेतात जे जे आले त्याची मिसळलेली भाजी. संक्रांतीच्या सुगडात उसाची कांडी, बोरे, हरभऱ्याचे घाटे, गाजर, तीळ. हा सण म्हणजे मळ्यातल्या त्या आठवड्याच्या पिकाची यादीच आहे. विकत आणावे लागेल असे त्यात फारसे काही नाही.

(९)
आता वाकळ. लुगडे नेसून विरले की त्याचे काय होई? आधी धडाचा भाग काढून लहान मुलाचे अंगडे, मग झोळी, मग बाळाची दुपटी, आणि शेवटी वाकळीचा एक थर. जुनी धोतरे आणि लुगडी एकावर एक अंथरून चारी बाजू आधी पक्क्या करायच्या आणि कडेकडून आत येत धावदोरा घालायचा. दोन-तीन बायका दुपारच्या उन्हात बसल्या तरी एक वाकळ पुरी व्हायला दिवसच्या दिवस जात. म्हातारीचे लुगडे नातवाच्या वाकळीत येई. आज याला ‘पुनर्वापर’ म्हणून गौरवतात. त्या वेळी कापड विकत घ्यावे लागे आणि रोख पैसा दुर्मीळ होता, इतके साधे कारण होते.

(१०)
वाकळ घरात होई. घोंगडे मात्र बाहेरून यायचे. धनगरांची मेंढरे, त्यांची लोकर, सनगरांचे विणकाम. हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोलीचे घोंगडे प्रसिद्ध; तिथली विठ्ठल-बिरदेवाची यात्रा दसऱ्यानंतर भरते, म्हणजे नेमकी थंडीच्या तोंडावर. सुगीनंतर मेंढरे रिकाम्या रानात बसवली की जमिनीला खत मिळे आणि धनगराला त्या बदल्यात धान्य. रात्री मोटेवर किंवा राखणीला जाणाऱ्या गड्याचे घोंगडे हेच अंथरूण, पांघरूण आणि पावसाळ्यातली खोळ.

(११)
या हिवाळ्याचे केंद्र होते गुऱ्हाळ. बैल घाणा ओढत, रस मांदणात साचे आणि तिथून कायलीत जाई. खाली चुलवाण. चुलवाण्या जाळ सांभाळे. रस तापला की रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालून मळी वर आणायची आणि झाऱ्याने काढून टाकायची. पाक साधारण ११८ अंशांवर आला की कायल उतरवायची. त्या काळी तापमापक नव्हता. गुळव्या पाण्यात पाकाचा थेंब टाकून बोटांनी गोळी वळून पाही. क्षणभर उशीर झाला की गूळ काळवंडला, घाई झाली की रवा बसेना. वर्षभराच्या उसाचे मोल त्या बोटांवर ठरत असे. शंभर किलो उसातून साधारण दहा ते बारा किलो गूळ निघतो.

(१२)
गुऱ्हाळात टाकाऊ असे काय उरे? चिपाड वाळवून त्याच चुलवाणात. वाडे जनावरांना. पाचट छपराला आणि सरीत. राख खतात. काकवी घरात वर्षभराला. पोरांना उसाच्या कांड्याला गुंडाळलेला गरम पाक. एकाच घराचे बैल पुरत नसत, म्हणून पैरा करायचा : आज तुमच्या घाण्याला माझी जोडी, परवा माझ्या घाण्याला तुमची. पैशाविना चालणारा हा हिशेब तोंडी असे, तरी चोख असे.

(१३)
इथपर्यंत चित्र स्वयंपूर्ण वाटते. चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० मध्ये भारतीय खेड्यांना ‘छोटी प्रजासत्ताके’ म्हटले, आणि ते शब्द पुढे शतकभर उगाळले गेले. आता गुळाचा रवा उचला आणि तो कुठे जातो ते पाहा. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची बाजारपेठ वसवली. कोल्हापुरी गूळ या पेठेतून दूरवर, विशेषतः गुजरातेत जाऊ लागला. सारा रोखीने भरायचा, मीठ, लोखंड, कापड रोखीने घ्यायचे, आणि ती रोख गुळातून यायची. बाजारभाव पडला की पौषातली सारी काटकसर एका दिवसात वाहून जाई.

(१४)
अवजारेही बाहेरची होऊ लागली. बिहारमधील बिहिया येथे १८७० च्या दशकात तयार झालेल्या लोखंडी चरकाने लाकडी घाण्याला आव्हान दिले, कारण त्यातून रस जास्त निघे. पुढे लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्यातून लोखंडी नांगर आणि चरक बाहेर पडले; किर्लोस्करवाडी १९१० ची. जास्त रस म्हणजे जास्त गूळ, हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागले नाही. पण चरकासाठी पैसे लागत, किंवा तो भाड्याने घ्यावा लागे. लाकडी घाणा गावच्या सुताराकडून होई. चरक तसा होत नसे.

(१५)
सुताराचे नाव आले म्हणजे बलुत्याचा विषय टाळता येणार नाही. कुणब्याच्या घरातील नांगर सुताराचा, फाळ लोहाराचा, मोट चांभाराची, दोर मांगाचे, मडकी कुंभाराची. मोबदला खळ्यावर, धान्यात, परंपरेने ठरलेला. आणि ज्यांच्याकडे गावकीची सगळी हलकी कामे जन्माने सोपवलेली होती त्या महारांना खळ्यावर सर्वांत शेवटी उभे राहावे लागे. घराची काटकसर घरातच घडत होती हे म्हणूनच अर्धसत्य आहे. तिच्या मागे अशी माणसे होती ज्यांना काम नाकारण्याचा हक्क नव्हता.

(१६)
हा तो राजाचा अपवाद. १९१८ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातील महार वतन रद्द करून त्या जमिनी रयतावा केल्या. त्याच सुमारास सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आले. आरंभ १९१८ मध्ये करवीरमधीलच चिखली गावात झाला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. आता शेतकऱ्याच्या बाजूने विचार करा. हिवाळ्यात पोर म्हणजे घाण्यामागे बैल हाकणारा, चिपाड वाळवणारा, पाखरे राखणारा हात. तो हात शाळेला द्यायचा, म्हणजे घराच्या हिशेबात तूट. तो दंड बापावर होता. पोराच्या बालपणाला कोणीतरी प्रथमच किंमत लावली होती.

(१७)
मुलींच्या बाबतीत हिशेब आणखी कडक होता. जाते, पाणी, शेणी, वाकळ, धाकटी भावंडे. शाळेत जायला वेळ राहीलच असे नाही. म्हणून ‘काही वाया जात नसे’ या वाक्याला मी एक पुस्ती जोडेन : वस्तू वाया जात नसत, पण बायकांचा वेळ अमर्याद आहे असे गृहीत धरूनच ते साधले जाई. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा जुन्या लोकांनी ‘गिरणीच्या पिठाला चव नाही’ अशी तक्रार केली. ती कदाचित खरीही असेल. पहाटेच्या दोन तासांची झोप मात्र ज्यांना मिळाली त्यांनी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

(१८)
१९५० च्या दशकात राधानगरी धरण पुरे झाले, ऊस वाढला, साखर कारखान्यांनी गुऱ्हाळांचा ऊस ओढून नेला. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि कळंब्याच्या शिवारात आता घरांच्या रांगा आहेत. त्या जीवनाची हळहळ करावी असे मला वाटत नाही. त्याची खिल्ली तर मुळीच उडवू नये. ती माणसे कमी साधनांत विलक्षण हुशारीने जगली, आणि त्या हुशारीची किंमत घरातल्या सर्वांनी सारखी मोजली नाही. दोन्ही वाक्ये एकत्र लिहायला शिकणे, हाच सामाजिक इतिहासाचा पहिला धडा.

(१९)
शेवटी एक विनंती. घरात जुनी वाकळ असेल तर टाकण्यापूर्वी तिचे छायाचित्र काढा. कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, हे आजीला विचारून तारखेसह लिहून ठेवा. आजीला एखादी ओवी येत असेल तर ध्वनिमुद्रण करा, आणि ती म्हणताना मध्येच थांबली तर घाई करू नका. पुढच्या संशोधकाला गॅझेटिअर केव्हाही मिळेल. हे मिळणार नाही.

धागा समाप्त.