सुईचे नेढे आणि उंट

भारतातून आलेल्या पाहुण्यांना येरुशलेमचे जुने शहर दाखवताना आपल्यापैकी अनेकांनी ही गोष्ट ऐकली असेल. गाइड सांगतो, पूर्वी इथे ‘सुईचे नेढे’ नावाचा एक लहान दरवाजा होता. रात्री मोठी वेस बंद झाली की उंटाला त्यातूनच आत घेत. मात्र त्याच्या पाठीवरचे ओझे उतरवावे लागे आणि त्याला गुडघे टेकून सरकावे लागे. पाहुणे माना डोलावतात. गोष्ट छान आहे, पण त्या काळी या नावाचा दरवाजा असल्याचा काहीही पुरावा नाही.

ही गोष्ट येशूच्या एका वचनावरून निघाली. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणे सोपे, असे ते वचन आहे. मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही ते दिले आहे. त्यांचे ग्रंथ ग्रीक भाषेत आहेत आणि तिथला शब्द आहे ‘कामेलोस’, म्हणजे उंट. हा शब्द ग्रीकांनी आपल्याच बाजूच्या भाषांतून घेतला. हिब्रूत गमाल, अरामीत गमला, ग्रीकमध्ये कामेलोस.

सुईतून उंट कसा जाईल, हा प्रश्न ख्रिस्ती पंडितांनाही पडला. पाचव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या सिरिलने सांगितले की इथे उंट नव्हे, जहाजाचा जाड दोर समजावा. काही हस्तलिखितांत एक अक्षर बदलून ‘कामिलोस’, म्हणजे दोर, असे लिहिलेले आढळते. तोवर ग्रीकमध्ये दोन्ही शब्दांचा उच्चार सारखाच झाला होता. पण दोर या अर्थाचा हा शब्द जुन्या ग्रीक लेखनात मिळत नाही. वचन सोपे करण्यासाठीच तो घडवला असावा, असे कोशकारांना वाटते. कुराणातही सुईच्या नेढ्यातला उंट आहे आणि तिथेही काही जुन्या भाष्यकारांनी ‘दोर’ असा अर्थ लावला आहे.

आपल्या ग्रंथांकडे पाहिले तर दोराचीही गरज नाही आणि दरवाजाचीही. तल्मूदच्या बेराखोत भागात रावा म्हणतात की माणसाला स्वप्नात सोन्याचे खजुरीचे झाड दिसत नाही, सुईच्या नेढ्यातून जाणारा हत्तीही दिसत नाही; कारण असे काही त्याच्या मनातच येत नाही. बाबा मेत्सिया भागात रव शेशेत एका पंडिताला टोमणा मारतात, तू पुंबदिथाचा की काय? तिथले लोक सुईच्या नेढ्यातून हत्ती काढतात! बाबेलच्या लोकांनी हत्ती घेतला, एरेत्स इस्राएलमध्ये रोज डोळ्यांपुढे असणारे मोठे जनावर उंट होते. बोलण्याची रीत एकच.

येशूचे आणखी एक वचन याला आधार देते. तुम्ही चिलट गाळून काढता आणि उंट गिळता, असे तो परुश्यांना म्हणतो. शब्द तोच, कामेलोस. चिलट आणि उंट दोन्ही आपल्याला खाण्यास निषिद्ध, एक अगदी लहान आणि दुसरे अगदी मोठे. तिथे कोणी ‘दोर गिळता’ असे म्हणत नाही.

म्हणजे अशक्य गोष्ट सांगण्यासाठीच उंट आणला आहे. ऐकणारेही घाबरून विचारतात, मग तरेल कोण? उत्तर मिळते की माणसाला जे अशक्य ते देवाला शक्य आहे. दरवाजाची गोष्ट मानली तर हे सारे वाया जाते. मग श्रीमंताला थोडे वाकले की पुरते!

सुई आपल्या मिद्राशमध्येही आहे, शीर हशिरीमवरच्या मिद्राशमध्ये. तिथे देव इस्राएलला म्हणतो की तशुवाचे दार माझ्यासाठी सुईच्या टोकाएवढे उघडा, मी तुमच्यासाठी गाड्या आणि रथ जातील एवढी दारे उघडीन. एलुल महिन्यात सेलिखोत म्हणताना ही ओळ आठवावी.

येशू यहुदी होता आणि यहुद्यांशीच बोलत होता. त्याचे शब्द ग्रीकमध्ये गेले, तरी त्यांचा अर्थ आपल्या घरच्या बोलीत सापडतो. पुढच्या वेळी गाइडने तो दरवाजा दाखवला, तर पाहुण्यांना पुंबदिथाच्या हत्तीची गोष्ट अवश्य सांगा.