समान श्रेणी, असमान किंमत : हाली रुपयाच्या देखणेपणाचे मोल

परभणी जिल्हा 1948पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे सेलू, मानवत, गंगाखेडकडच्या जुन्या घरांत चारमिनार छापाचा रुपया आजही निघतो. इंग्रजांचा तो कलदार, निजामाचा तो हाली. सात हालींना साधारण सहा कलदार असा हिशेब असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चांदी घटवली गेली. त्याआधीच्या हाली रुपयाचे वजन 11.178 ग्रॅम आणि त्यात चांदी 81.8 टक्के, म्हणजे शुद्ध चांदी नऊ ग्रॅमहून किंचित जास्त. मोडीत घातले तर हे सारे रुपये एकाच भावाचे. संग्राहकांच्या बाजारात मात्र एकाच सालाचे, एकाच श्रेणीचे दोन रुपये निरनिराळ्या किमतीला जातात. हा फरक बहुतांशी देखणेपणाचा असतो.

आधी श्रेणी म्हणजे काय ते पाहू. विल्यम शेल्डन यांनी 1949 साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी 1 ते 70 अशी मापपट्टी मांडली. अंकावरूनच किंमत काढता यावी, 60 अंकांच्या नाण्याला 1 अंकाच्या साठपट भाव मिळावा, असा तिचा मूळ हेतू. बाजाराने तो हिशेब पाळला नाही. अंक तेवढे उरले. पीसीजीएस (1986) आणि एनजीसी (1987) या संस्था याच अंकांनी नाणी पारखून प्लास्टिकच्या डबीत बंद करतात. खेळाडूंच्या जुन्या कार्डांसाठी पीएसए 1991पासून 1 ते 10 अंक देते.

माझ्या मते श्रेणी ही मुख्यतः वजाबाकी असते: झीज किती, ओरखडे किती, कोपरा किती दुमडला. पारखी देखणेपणाही विचारात घेतो, पण शेवटी सगळे एकाच अंकात कोंबावे लागते. 1952च्या टॉप्स कंपनीच्या, बेसबॉलपटू मिकी मँटलच्या कार्डाचे उदाहरण घ्या. एकाचे कोपरे तीक्ष्ण, पण चित्र एका कडेला सरकलेले. दुसऱ्याचे कोपरे जरा मऊ, पण चित्र नेमके मध्यावर. दोघांचा अंक एकच येऊ शकतो, ग्राहक मात्र दुसऱ्यापाशी थांबतो. एनजीसी विशेष देखण्या नाण्याला अंकाशेजारी तारा देते, तो एकटा अंक अपुरा पडतो म्हणूनच.

हाली रुपयात देखणेपण तीन गोष्टींत शोधावे: ठसा, चकाकी आणि रंग. ठशाची परीक्षा सोपी आहे. मिनारांचे बारकावे उठले आहेत का आणि चारमिनारच्या कमानीतले अक्षर स्पष्ट आहे का, हे भिंगातून पाहावे. निजाम महबूब अली खानांच्या रुपयावर ते ‘मीम’ असते, निजाम उस्मान अली खानांच्या रुपयावर ‘ऐन’.

खरी गफलत चकाकीत होते. टांकसाळीत ठशाचा दाब पडताना धातू मध्याकडून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नाणे दिव्याखाली तिरपे फिरवले की त्या रेषांमुळे उजेडाचा पट्टा गरगर फिरतो. लक्ष्मीपूजनाला ताटात मांडण्याआधी आपल्याकडे हेच रुपये चिंचेने, राखेने, रिठ्याच्या पाण्याने घासून लखलखीत करतात. सराफही उजाळा देऊन देतो. यात श्रद्धा आहे आणि ती मला मनापासून प्रिय आहे. पण घासण्याने त्या रेषा नाहीशा होतात आणि एकजात पांढरा लखलखाट उरतो. घरच्यांना नाणे नव्यासारखे दिसते, जाणकाराला सोललेले. अशा नाण्याला अंक न देता ‘साफ केलेले’ असा शेरा मारला जातो.

रंगाचे गणित उलट आहे. हवेतल्या गंधकाने चांदीवर सल्फाइडचा थर चढतो. तो अगदी पातळ असताना प्रकाशलहरींच्या व्यतिकरणाने आधी सोनेरी, मग जांभळट, मग निळी छटा दिसते. जाड झाला की काळा. म्हणजे एकाच रासायनिक क्रियेची सुरुवात किंमत वाढवते आणि शेवट ती पाडतो. वर्षानुवर्षे कागदात किंवा कापडात गुंडाळून राहिलेल्या रुपयावर कधी कधी कडेने अशी इंद्रधनुषी किनार येते. तिच्यासाठी हौशी माणूस सहज जादा पैसे मोजतो.

देखणेपणाचा जोर सगळीकडे सारखा नसतो. हाली रुपये मोठ्या संख्येने पाडले गेले. दहा नग समोर असले की ग्राहक निवड करतो आणि निवड डोळा करतो. दुर्मीळ सालाचा एकच नग असेल तर डाग पोटात घालून घेतला जातो.

जिंतूरकडच्या तांड्यांवर बंजारा स्त्रियांच्या गळ्यातल्या माळांत रुपये ओवलेले असत, वर झाळून कडी लावलेली. कडी काढली तरी कडेवर झाळणीची खूण राहते आणि सुटे नाणे मोडीच्या भावाजवळ येते. म्हणून अशी माळ हाती आली तर ती तोडून रुपये सुटे करू नयेत. दागिना म्हणून तिची पारख वेगळी होते आणि तिथे कडी हा दोष धरत नाहीत.