ब्रेक पॅडची निवड : रोजचा रस्ता आणि अधूनमधूनचा ट्रॅक

वाहन थांबवणे म्हणजे त्याच्या गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणे होय. डिस्क ब्रेकमध्ये हे काम फिरणारी डिस्क आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड यांच्या घर्षणातून होते. १२०० किलो वजनाची मोटार ताशी १०० किमी वेगावरून पूर्णपणे थांबवताना सुमारे ४.६ लाख ज्यूल ऊर्जेची विल्हेवाट लावावी लागते. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. त्यामुळे शहरातील रहदारी, घाटाचा उतार आणि शर्यतीचा ट्रॅक या तिन्ही ठिकाणी पॅडची परीक्षा निराळी असते. एका ठिकाणी उत्तम ठरलेला पॅड दुसऱ्या ठिकाणी धोकादायक ठरू शकतो.

उष्णतेचा हिशेब

बेळगावहून चोर्ला घाटमार्गे गोव्यात उतरणाऱ्यांना तापलेल्या ब्रेकचा वास परिचयाचा असतो. हीच १२०० किलोची मोटार ५०० मीटर उंची उतरते, तेव्हा मुक्त होणारी ऊर्जा ताशी १०० किमी वेगावरून बारा-तेरा वेळा थांबण्याइतकी असते. खालच्या गिअरमध्ये उतरल्यास त्यातील मोठा वाटा इंजिन उचलते.

ट्रॅकवर मात्र प्रत्येक फेरीत अनेकदा जोरदार ब्रेक लावावा लागतो. ग्रेटर नोएडा येथील बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. अशा पट्ट्याच्या शेवटी ताशी १८० किमी वेग ७० वर आणायचा, तर ताशी १०० किमीवरून थांबण्याच्या अडीच पटींहून अधिक उष्णता एकाच वेळी निर्माण होते. डिस्क थंड होण्यापूर्वीच पुढचे वळण येते.

पॅडचे प्रकार

ऑरगॅनिक पॅड तंतू, रबर आणि रेझिन यांच्या मिश्रणातून बनतात. ते शांत असतात आणि डिस्क फारशी झिजवत नाहीत. मात्र जास्त तापल्यास त्यांची पकड लवकर घटते. सिरॅमिक पॅड आवाज आणि काजळी कमी करतात व रोजच्या वापरासाठी चांगले असतात. परंतु ‘सिरॅमिक’ या शब्दाचा अर्थ ‘ट्रॅकसाठी योग्य’ असा होत नाही. सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये पोलाद, लोखंड, तांबे यांसारख्या धातूंचे प्रमाण मोठे असते. ते अधिक तापमान सहन करतात; त्या बदल्यात आवाज, काजळी आणि डिस्कची झीज वाढते.

निव्वळ शर्यतीसाठी बनवलेले पॅड यापुढची पायरी आहेत. ते पुरेसे तापल्यावरच पूर्ण पकड देतात. मोटार सकाळी घराबाहेर पडते आणि पहिल्याच वळणावर शाळेत निघालेले मूल समोर येते, तेव्हा डिस्क थंडच असते. त्या क्षणी शर्यतीचा पॅड साध्या पॅडपेक्षाही कमी पकडू शकतो. म्हणूनच रोज वापरायच्या मोटारीसाठी पॅड निवडताना पहिली कसोटी थंड अवस्थेतील पकडीची असावी. उष्णता सहन करण्याची क्षमता ही त्यानंतरची कसोटी होय.

अनेक पॅडवर ‘एफएफ’ किंवा ‘जीजी’ अशी दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर सामान्य तापमानातील आणि दुसरे तापलेल्या अवस्थेतील घर्षणाचा गट दर्शवते. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५ इतका घर्षणांक. ही चाचणी पॅडच्या छोट्या तुकड्यावर प्रयोगशाळेत होते. त्यामुळे अक्षरांवरून ट्रॅकवरील कामगिरीचा अंदाज बांधणे योग्य नाही. त्यासाठी उत्पादकाने दिलेली तापमानाची कक्षा पाहावी.

दोष पॅडचा की ब्रेक ऑइलचा?

पेडल कडक लागते, पण मोटार थांबत नाही, तेव्हा पॅड त्याच्या मर्यादेपलीकडे तापलेला असतो. पेडल मऊ होऊन खाली जाते, तेव्हा बहुधा ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात. दुसऱ्या प्रकारात कितीही महागडा पॅड उपयोगी पडत नाही.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. मानकानुसार नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, तर ओलावा शोषलेल्या ऑइलचा किमान १५५ अंश असतो. डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८० आहेत. कोकण-गोव्याच्या दमट हवेत ऑइल वेळच्या वेळी बदलणे म्हणूनच महत्त्वाचे. सिलिकॉनवर आधारित डॉट ५ हा वेगळा प्रकार असून तो इतरांत मिसळू नये.

बसवताना आणि वापरताना

नवा पॅड बसवल्यावर त्याचा पातळ, समान थर डिस्कवर बसावा लागतो. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर मध्यम वेगावरून अनेक वेळा, पूर्ण न थांबता वेग कमी करणे आणि नंतर ब्रेक न दाबता मोटार थंड होऊ देणे, अशी त्याची साधारण पद्धत आहे. नेमका क्रम उत्पादकाच्या सूचनेनुसार ठेवावा. पॅडचा प्रकार बदलला की ही क्रिया पुन्हा करावी लागते.

केवळ मागच्या चाकांना अधिक पकडीचे पॅड बसवू नयेत. जोरदार ब्रेक लागताना मागची चाके आधी अडकली, तर मोटार गिरकी घेऊ शकते. ट्रॅकवर जाताना पॅडचे घर्षणद्रव्य किमान निम्मे शिल्लक असावे. पातळ पॅडमधून उष्णता कॅलिपरमधील पिस्टनकडे आणि तेथून ऑइलकडे लवकर पोहोचते. शेवटची फेरी सावकाश मारावी आणि उभ्या केलेल्या मोटारीचा हँडब्रेक लगेच ओढू नये.

वर्षातून एक-दोनदाच ट्रॅकवर जाणाऱ्याला थंड अवस्थेतही भक्कम पकड देणारा, रस्त्यासाठीचा वरच्या दर्जाचा पॅड, ताजे ब्रेक ऑइल आणि मोजक्या फेऱ्यांनंतर विश्रांती एवढे बहुधा पुरते. त्याहून जास्त वेळा जाणाऱ्याने ट्रॅकसाठी पॅडचा स्वतंत्र संच ठेवावा आणि परतीच्या प्रवासापूर्वी रस्त्याचे पॅड पुन्हा बसवावेत.