भिंतीवरची चित्रे आणि ज्योती भट्ट यांचा कॅमेरा

बडोद्याच्या ललितकला विद्याशाखेविषयी आम्हां बडोदेकर मराठी मंडळींना विशेष जिव्हाळा आहे. १९५० साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात ती सुरू झाली, तेव्हा चित्रकला विभाग घडविला तो नारायण श्रीधर बेंद्रे यांनी. त्यांच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी एक म्हणजे भावनगरचे ज्योती भट्ट. भट्ट मूळचे चित्रकार व मुद्राचित्रकार. नेपल्स व न्यूयॉर्क येथेही शिकून आलेले. १९६७ साली भारतीय विद्याभवनाच्या एका चर्चासत्रासाठी गुजरातच्या लोककलेची छायाचित्रे काढावयास ते बाहेर पडले. काम तेवढ्यापुरतेच होते. परंतु पुढे कित्येक वर्षे ते सौराष्ट्र, राजस्थान व इतर प्रांतांतील खेडी पालथी घालीत राहिले.

त्यांना तेथे काय दिसले? शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर घरच्या बाईने खडूच्या पांढऱ्या रंगात बोटांनी काढलेली चित्रे. दिवाळी आली की भिंत पुन्हा सारवावयाची आणि जुने चित्र पुसावयाचे. त्या बाईला त्याचे दुःख नसते, कारण ती नवे काढू शकते. जेथे मातीच्या घराच्या जागी सिमेंटचे घर उभे राहते, तेथे मात्र नवे चित्र येत नाही. आमच्या आज्या अंगणात ठिपक्यांच्या रांगोळ्या काढीत. त्यांचे एकही छायाचित्र आमच्या घरी नाही, ही हळहळ येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

भट्ट यांनी नुसती नक्षी टिपली नाही. चौकटीत घरची माणसे आहेत, पोरेबाळे आहेत, दाराशी बांधलेली जनावरे आहेत. आमच्या मते या संग्रहाचे खरे मोल हेच. चित्र ज्या संसारात जन्मले, तो संसार त्यासोबत राहिला.

त्याच कॅमेऱ्याने विद्याशाखेतील गुरुजन, सहाध्यायी आणि तेथील कलामेळेही टिपले. हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हने या संग्रहाचे संगणकीय जतन केले, आणि २०१९ साली भट्ट यांना पद्मश्री मिळाली.

एक गोष्ट मात्र आम्हांस खुपते. बेंद्रे वा सुब्रह्मण्यन यांचे छायाचित्र असले की खाली नाव असते. भिंतीवरच्या मोराशेजारी उभ्या असलेल्या बाईच्या छायाचित्राखाली बहुधा प्रदेश व साल एवढेच असते. तिला नावाने ओळखणारी माणसे तिच्या गावी अजून असतील, तोवर कोणीतरी ती छायाचित्रे घेऊन तेथे जावयास हवे.