शुहूर सनाचे वाचन आणि पदव्युत्तर संशोधकास आवश्यक अरबी : कर्जत-खालापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी, घाटवाटांच्या तोंडाशी वसलेले आहेत. शिवकाल व पेशवेकालातील या परिसराच्या इतिहासाची मराठी साधने प्रामुख्याने मोडी लिपीत, तर मोगलांकडील वृत्तान्त फारसीत आहेत. त्यामुळे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकास अरबीची गरज सहसा जाणवत नाही. तथापि मोडी कागदांवरील शुहूर सन अरबी संख्यावाचक शब्दांतच लिहिलेला असतो. या कालनिर्देशाच्या अचूक वाचनासाठी पदव्युत्तर स्तरावर मध्यम दर्जाचे अरबी का आवश्यक आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एका शब्दाचे शतक :
शुहूर वर्ष सूर्याच्या मृग नक्षत्रातील प्रवेशापासून सुरू होते. त्यात प्रसंगानुसार ५९९ किंवा ६०० मिळविल्यास इसवी सन येतो. खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानास फेब्रुवारी १६६१ मध्ये शरण आणले. त्या वेळी शुहूर सन १०६१, म्हणजे ‘इहिदे सितैन अलफ’ होता. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतचा संग्राम झाला, तेव्हा ‘इहिदे सितैन मया व अलफ’ हे वर्ष चालू होते. दोहोंत भेद केवळ ‘मया’ म्हणजे शंभर या शब्दाचा आहे. कर्जत तालुक्यातील कोथळीगड १६८४ च्या अखेरीस मोगलांनी घेतला, ते वर्ष ‘खमस समानीन अलफ’. त्यातही ‘मया’ची भर पडताच काळ १७८४ वर जातो. कसर लागलेल्या कागदावर हा शब्द नष्ट झाला असल्यास शतकाचा निर्णय मजकुरावरूनच करावा लागतो.

व्याकरणाचे साहाय्य :
हे शब्द केवळ पाठ करून भागत नाही. अरबीत वर्षवाचक शब्द स्त्रीलिंगी असल्याने ‘एक’साठी ‘इहिदे’ हे स्त्रीलिंगी रूप येते. दशकांचे मूळ कर्तृरूप ‘सित्तून’, ‘समानून’ असे असले तरी षष्ठीत ते ‘सित्तीन’, ‘समानीन’ होते. मोडी कागदांतील ‘सितैन’, ‘समानीन’ यांचा उलगडा येथे होतो. इ. स. १७९९ नंतरच्या कागदांतील ‘मयातैन’ हे ‘मया’चे द्विवचन असून त्याचा अर्थ दोनशे होतो. हा नियम ठाऊक नसलेला वाचक ते शंभरच समजण्याचा संभव असतो.

महिन्यांबाबतही सावधगिरी हवी. ‘रबिलावल’ व ‘रबिलाखर’ यांत ‘पहिला’ व ‘दुसरा’ एवढाच फरक आहे. शिवाय वर्ष सौर आणि महिने चांद्र असल्यामुळे चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान पडते. परिणामी एकाच शुहूर वर्षाच्या आरंभी व अखेरीस काही तारखा दोनदा येतात. जंत्री या दोन्ही शक्यता दाखविते, परंतु त्यांतून निवड करणे संशोधकाचेच काम आहे.

निष्कर्ष :
राज्यव्यवहारकोशाद्वारे कारभारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले, तरी शुहूर सन पुढेही शतकाहून अधिक काळ टिकला. म्हणून मोडीच्या प्रशिक्षणास संख्या, लिंग, विभक्ती व द्विवचन एवढ्या अरबीची जोड देणे अगत्याचे आहे. लिपी वाचता येणे ही पहिली पायरी होय. काळ चुकला, तर अचूक वाचलेला कागदही चुकीची साक्ष देतो.