१४. जे/साय कणांची घट

जे/साय : चार्म क्वार्क आणि त्याचा प्रतिक्वार्क यांची घट्ट बांधलेली जोडी. नोव्हेंबर १९७४मध्ये सॅम्युएल टिंग आणि बर्टन रिक्टर यांच्या गटांनी तिचा शोध स्वतंत्रपणे जाहीर केला. १९७६चे नोबेल दोघांना मिळाले.

इथे ‘घट’ म्हणजे अशा जोड्या अपेक्षेपेक्षा कमी सापडणे. जड अणुकेंद्रे आदळून क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा (क्वार्क आणि ग्लुऑन मोकळे फिरतात अशी अवस्था) तयार झाला, तर त्यातले मोकळे रंगभार चार्म क्वार्क आणि त्याच्या प्रतिक्वार्कमधली ओढ झाकून टाकतील आणि जोडी बांधलीच जाणार नाही, असे मात्सुई आणि साट्झ यांनी १९८६मध्ये मांडले. सर्नला शिशाच्या टकरींत घट दिसलीही. पण खरी गंमत पुढे आहे: सर्नच्याच नंतरच्या एलएचसी त्वरकावर चार्म क्वार्क इतके मुबलक निपजतात की सुटे क्वार्क पुन्हा जुळतात, आणि तिथली घट अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेतल्या टकरींपेक्षा कमी भरते.