संचा : घरच्या आईस्क्रीमचा इतिहास

आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत आईस्क्रीमच्या लाकडी बादलीला ‘संचा’ म्हणतात. पुण्या-मुंबईचे नातेवाईक तिला ‘पॉट’ म्हणत आणि मे महिन्यात पाहुणे आले की या दोन शब्दांवरून थोडी थट्टा होई. शब्द आपण गुजरातीतून घेतला. तिथे यंत्र म्हणजे संचो, शिवणयंत्रसुद्धा. वस्तू मात्र गुजरातचीही नाही आणि महाराष्ट्राचीही नाही. ती आली अमेरिकेतून, आणि तिच्याआधी बर्फही तिथूनच आला.

थंडाव्याची हौस आपल्याकडे जुनीच. सोऱ्याच्या पाण्यात भांडे फिरवून पिण्याचे पाणी गार करण्याची रीत ‘आईन-इ-अकबरी’त नोंदवलेली आहे. पण ती बादशाही चैन. व्यापारी माल म्हणून बर्फ आला तो १८३३ साली. बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने तळ्यांवर गोठलेला बर्फ कापून, भुशात बांधून ‘टस्कनी’ जहाजातून कलकत्त्याला पाठवला. सुमारे १८० टन निघाला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला शंभरेक टन शिल्लक होता. पाठोपाठ मुंबईलाही बर्फ येऊ लागला. जमशेटजी जीजीभाईंनी तेव्हा मेजवानीत आईस्क्रीम वाढले आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, असे सांगतात. म्हणजे “आईस्क्रीम खाऊ नका, घसा धरेल” हे आपल्या आजीचे वाक्यही जवळजवळ दोनशे वर्षांचे आहे!

१८४३ साली फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन या बाईंनी हाताने फिरवायच्या यंत्राचे पेटंट घेतले. बाहेर लाकडी बादली, आत पत्र्याचा उभा डबा, डब्यात फिरकी आणि वर हँडल. आपल्या माळ्यावरचा संचा मुळात तोच आहे. पुढे आपल्याकडे बर्फाचे कारखाने निघाले आणि जहाजाची वाट पाहणे संपले. तेव्हा कुठे आईस्क्रीम साहेबांच्या आणि शेठ-सावकारांच्या टेबलावरून वाड्याच्या चौकात उतरले. बाजारातले आईस्क्रीमही वेगळे नव्हते. अहमदाबादेत १९०७ साली वाडीलाल गांधींनी सोड्याचे दुकान काढले. तिथले आईस्क्रीमही हाताने फिरवलेलेच असे. यंत्रे येईपर्यंत दुकान आणि घर यांची बरोबरी होती.

या यंत्राची खरी किल्ली मिठात आहे. साधा बर्फ शून्य अंशाचा. साखर घातलेले दूध शून्याच्याही खाली गोठते. त्यामुळे नुसत्या बर्फात डबा दिवसभर ठेवला तरी आत गार दूधच राहणार. बर्फावर जाडे मीठ पडले की तो भराभर वितळतो, वितळण्यासाठी लागणारी उष्णता डब्यातून ओढून घेतो आणि खारे पाणी शून्याच्या बरेच खाली, पुरेसे मीठ असेल तर उणे वीस अंशांच्या आसपास जाते. तीन वाट्या बर्फाला एक वाटी मीठ हा हिशेब घरातल्या बायकांना पुस्तकाशिवाय ठाऊक होता. फिरकी डब्याच्या कडेला गोठणारा थर सतत खरवडते, म्हणून बर्फाचे कण बारीक राहतात. शिवाय हवा मिसळते. मिश्रण फुगते, म्हणून डबा दोन तृतीयांशच भरायचा.

साहेबी पाककृतीत अंड्याचा बलक असे. आपल्या घरांनी तो वगळला आणि दाटपणासाठी दूध आटवले किंवा कॉर्नफ्लोअर लावले. अंडे नाही म्हटल्यावर जुन्या वळणाच्या मंडळींचीही हरकत उरली नाही. उन्हाळ्यात वलसाडी हापूसचा नाहीतर केसरचा रस, दिवाळीच्या सुमारास सीताफळ.

आणि माणसे लागत. सायकलला गोणपाटात बांधून बर्फ आणणारा एक, तो फोडणारा दुसरा, फिरवणारे चार. सुरुवातीला हँडल हलके, म्हणून आधी लहान मुले. ते जड होऊ लागले की थोरली मुले आणि शेवटी काका. हँडल हलेनासे झाले की आईस्क्रीम झाले. मग झाकणावरचे खारे पाणी पुसून डबा उघडायचा. घाईत हे राहिले तर दोन लिटर दूध खारट. फिरकी चाटायला कोणाला मिळणार, यावरची भांडणे वेगळीच. एवढ्या खटपटीनंतर वाट्या चौघांच्याच भरल्या असे होत नसे. शेजारच्या बिऱ्हाडांत डिशा जातच.

फ्रीज आला आणि संचा मागे पडला. ट्रेमधले आईस्क्रीम न ढवळता गोठते, म्हणून ते खडेदार होते. पण ते एकट्याने करता येते. नंतर तर फॅमिली पॅकच आणू लागलो. दांडिया बाजार, रावपुऱ्यातले वाडे पडून फ्लॅट झाले आणि आवराआवरीत कितीतरी संचे भंगारात गेले. चव दुकानात मिळेल. पण मिठाचा अंदाज, हँडलच्या जडपणावरून आतले ओळखणे आणि पाळीपाळीने फिरवणे हे ज्यांनी केले ती पिढी आता सत्तरीपुढची आहे. त्यांच्याकडून हे शिकून घ्यायला फार वर्षे उरलेली नाहीत.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. ज्यांच्या माळ्यावर संचा असेल त्यांनी तो उतरवावा. बादली दोन दिवस पाण्यात भिजत ठेवावी, म्हणजे लाकूड फुगून फटी मिटतात. डबाही रात्रभर पाणी भरून ठेवावा. थेंबभर गळला तरी कल्हईवाल्याकडे न्यावा. गणपतीनंतर कोजागिरी फार दूर नसते, आणि आटीव दूध त्या रात्री घरोघरी असतेच.